योताहाची सुरू झाली तेव्हा

टोकियो-क्योटोचे पाच दिवस इथे लिहीत नाही, छान होते, फक्त क्योटोतल्या गर्दीने मी अक्षरशः रडकुंडीला आले होते. लिहायचंय ते सहाव्या दिवसाबद्दल. नवरा आणि लेक नागोयाचा किल्ला बघायला गेले आणि मी हट्टाने एकटी टोयोटाचं म्युझियम बघायला गेले. हिगाशियामा लाइनने शेवटच्या फुजिगाओका स्टेशनपर्यंत, तिथून लिनिमो, म्हणजे चुंबकावर तरंगत जाणारी बिनड्रायव्हरची ट्रेन, आणि गेइदाई-दोरीला उतरून पाच मिनिटं चालत. सोमवारी बंद असतं, तेवढं बघून जा.

जुन्या जपानी गाड्यांचं वेड मला बाबांमुळे लागलं. त्यामुळे पहिल्यांदा टोयोटाची २०००जीटी ही स्पोर्ट्स कार समोर दिसली तेव्हा छातीत धडधडलं, खोटं कशाला सांगू. १९६७ ते १९७० मध्ये जेमतेम साडेतीनशे बनल्या, यामाहासोबत मिळून बनवलेली गाडी, डॅशबोर्डचं लाकूडकामसुद्धा वाद्यं बनवणाऱ्या यामाहाचंच. उंची फक्त ११६ सेंटीमीटर. सगळी गर्दी तिच्याभोवतीच होती आणि ते बरोबरच आहे.

पण मी अडकले ती तिच्या धाकट्या बहिणीपाशी. स्पोर्ट्स ८००, १९६५ ची. जपानी लोक लाडाने योताहाची म्हणतात, हाची म्हणजे आठ. ७९० सीसी, दोनच सिलेंडर, तेही एअर-कूल्ड, ४५ हॉर्सपॉवर. तेव्हाची होंडाची एस६०० बघा, इंजिन हिच्याहून लहान पण चार सिलेंडर आणि ५७ हॉर्सपॉवर, कागदावर योताहाची हरलेलीच. पण हिच्यामागचे इंजिनिअर तात्सुओ हासेगावा मूळचे विमानं डिझाइन करणारे, युद्ध संपल्यावर गाड्यांकडे वळलेले, पुढे पहिली कोरोलाही त्यांचीच. ताकद कमी आहे ना, मग वजन कमी करा आणि वारा कापायला आकार गोल करा, असं ते गणित. ५८० किलोची गाडी आणि स्पीड १५५! १९६६ च्या सुझुका ५०० किलोमीटर रेसमध्ये बाकीचे पेट्रोल भरायला थांबत होते आणि ही न थांबता पहिली आली, दुसरी पण हीच. मला हे गणित २०००जीटीच्या सौंदर्यापेक्षा मोठं वाटतं. पैसे ओतून सुंदर गाडी बनवता येते, पण थोडक्यात एवढं काढायला डोकं लागतं.

तर बाहेर पडले आणि पार्किंगमध्ये तीच गाडी! लाल रंगाची, आरसे दारावर नाहीत, पुढे मडगार्डवर. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा पिवळं फडकं घेऊन टायरच्या वरचा पत्रा पुसत होते. मी लांबूनच नमस्कार केला आणि मोडक्या जपानीत "योताहाची?" म्हटलं. त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. फोनवर भाषांतर करत करत अर्धा तास गप्पा झाल्या, त्यांनी बॉनेट उघडून दाखवलं, छपराचा तुकडा काढून डिकीत कसा ठेवायचा ते दाखवलं, मग दार उघडून हाताने खूण केली, बसा. आणि स्वतः वाकून सेल्फ मारला.

तो आवाज. टपटपटप, स्कूटरपेक्षा जाड, पाठीला कळणारा. मी फोनवर रेकॉर्ड केला आणि तिथेच बसल्या बसल्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबा घाबरले बिचारे. त्यांना काय सांगणार, की आमच्याकडेपण ८०० होती, मारुती, ७९६ सीसी, सुझुकीच्याच घराण्यातली, १९८७ ची, बाबा दर रविवारी सोसायटीच्या गेटपाशी अशीच पुसायचे. आणि पार्किंगला जागा नाही म्हणून सहा वर्षांपूर्वी मीच बाबांच्या मागे लागून ती भंगारात द्यायला लावली, अठरा हजारात. टेम्पो आला तेव्हा बाबा गॅलरीतून खाली उतरलेच नाहीत. गाडी चालू होती हो. कार्ब्युरेटर साफ केला असता तर अजून दहा वर्षं आरामात चालली असती. ज्यांच्या घरी अजून जुनी ८०० असेल त्यांनी प्लीज देऊ नका, कव्हर घाला, आठवड्यातून एकदा सुरू करा, पण देऊ नका.

निघताना आजोबांनी मला स्टेशनपर्यंत सोडलं, जेमतेम दोन मिनिटांचा रस्ता, छप्पर काढून. इतकं खाली बसलेलं असतं की शेजारच्या गाडीचं चाक खांद्याला लागतंय असं वाटतं.

रात्री हॉटेलवरून बाबांना नुसता आवाज पाठवला, खाली काही लिहिलं नाही. दहा मिनिटांनी उत्तर आलं. "दोन सिलेंडर, एअर-कूल्ड. डावीकडचं टॅपेट जरा वाजतंय, त्यांना सांग."