तंजावरच्या भिंतीवरचं मराठी

सासूबाईंना तंजावर बघायचं होतं, किती वर्षांपासून म्हणत होत्या, आणि मुलांचं म्हणणं की डोंगर चढायला मिळणार असेल तरच येतो. म्हणून मग पाँडिचेरीहून गाडी केली, आधी जिंजी आणि मग तंजावर.

जिंजीच्या किल्ल्यातला राजगिरी डोंगर साधारण 800 फूट आहे. पायऱ्या आहेत पण ऊन फार, तेव्हा सकाळीच चढा आणि खाऊ बॅगेबाहेर काढूच नका, माकडं हातातून ओढून नेतात. सासूबाई खाली कल्याण महालापाशी बसल्या. वर शेवटी एक खोल घळ आहे, तिच्यावरच्या पुलावर धाकटीने माझा हात जो धरला तो पार दरवाज्यापर्यंत सोडला नाही. शिवाजी महाराजांनी 1677 साली हा किल्ला घेतला, पुढे राजाराम महाराज इथे येऊन राहिले आणि मोगलांना तो घ्यायला 1698 उजाडलं, हे वर बसून सांगितलं तेव्हा मोठा म्हणाला, "आई, रायगडापासून इथपर्यंत घोड्यावर?" पुस्तकातला धडा त्याला त्या वाऱ्यात बसून पहिल्यांदा खरा वाटला असं मला वाटतं.

तंजावरचं बृहदीश्वर, तिकडे पेरिय कोविल म्हणजे मोठं देऊळ म्हणतात, राजराज चोळाने 1010 च्या सुमारास पूर्ण केलेलं, शिखर 200 फुटांच्या वर, सगळं ग्रॅनाइट. याची सावली जमिनीवर पडत नाही असं बरेच जण सांगतात, ते खरं नाही, आम्ही संध्याकाळी त्याच सावलीत बसलो होतो. आणि दुपारी जाऊ नका, चपला बाहेर काढायच्या असतात आणि फरशी इतकी तापते की मुलं अक्षरशः पळत होती.

पण मला लिहायचंय ते त्या भिंतीबद्दल. आवाराच्या भिंतीवर दगडात कोरलेला मराठी लेख आहे, दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला, भोसले घराण्याचा इतिहास. चहूकडे तमिळ अक्षरं आणि मधेच आपली बाळबोध! सासूबाई चष्मा लावून एकेक शब्द लावत होत्या, "भोसले" सापडलं की आम्हाला हाक मारायच्या. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांच्यापासून 1855 पर्यंत इथे मराठ्यांचं राज्य होतं हे माहीत होतं हो, पण दगडावर वाचताना माझे डोळे भरून आले.

राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयालाही जाच. ताडपत्रं आहेत, मोडीतले कागद आहेत, आणि सरफोजी राजे डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार करवून घ्यायचे त्याच्या चित्रांसकट नोंदी ठेवल्या होत्या, ते ऐकून तर धाकटीचे प्रश्न संपेनात.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, तरी सासूबाई म्हणाल्या, "मला परत एकदा ने गं." सकाळी देवळात गर्दी नव्हती. त्या वाचत गेल्या, मोठा वहीत शब्द उतरवत गेला, आणि गाडीवाल्याचे तीन फोन येऊन गेले तरी एका भिंतीचासुद्धा लेख वाचून झाला नव्हता.