पंचवीस टोकांचा तारा : मिरजेहून, डिसेंबर २०२५ ची प्रगती

२९ नोव्हेंबर, शनिवार

यावर्षी नाताळचा तारा घरीच करायचा ठरलंय, आणि साधा पाच टोकांचा नाही. दिवाळीचा आकाशकंदील दरवर्षी कामट्या आणि जिलेटीनचा करतोच आम्ही, त्यामुळे हात बसलेला आहे, पण हा पंचवीस टोकांचा तारा म्हणजे वेगळंच काम आहे. ज्यांनी केला नाही त्यांच्यासाठी सांगते, १८३० च्या दशकात जर्मनीत नीस्की गावात मोराव्हियन (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) मिशनच्या मुलांच्या शाळेत भूमिती शिकवता शिकवता हा तारा तयार झाला. ते वाचलं त्या दिवसापासून डोक्यातून जाईना, कारण आमची तीनही मुलं घरीच शिकतात (थोरली ८, मधला ६, धाकटी साडेतीन) आणि भूमिती शिकवायला याच्याहून चांगलं काय मिळणार मला.

रचना अशी. मधला गोळा २६ बाजूंचा, १८ चौकोन आणि ८ त्रिकोण, सगळ्या कडा सारख्या. प्रत्येक बाजूवर एक निमुळतं टोक येतं. वरचा एक चौकोन उघडा ठेवायचा, तिथून बल्ब जातो. म्हणजे टोकं राहिली पंचवीस. थोरलीनं हे ऐकलं आणि लगेच म्हणाली, मम्मी मग रोज एक करूया ना, एक तारखेपासून, पंचवीसला पूर्ण होईल! मी वेगळाच प्लॅन केला होता, सगळी टोकं दोन शनिवार-रविवारात उरकायची आणि आगमन काळाच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ) दुसऱ्या रविवारी लटकवून टाकायचा, पण तिचं ऐकलं. बरं झालं ऐकलं.

१ डिसेंबर, टोक १

कागद गणपती पेठेतून आणला. दुकानदारानं विचारलं कुठल्या शाळेचं प्रोजेक्ट, मधला म्हणाला, घरचं. ते काका हसले आणि एक शीट जास्त बांधून दिली. जाड कार्डशीट घेऊ नका, दिवा लावला की आत अंधारच राहतो, आणि पतंगी कागद टोकाला उभा राहत नाही. आम्ही १२० जीएसएमचा पांढरा ड्रॉइंग पेपर घेतला. मोठ्या शीटवर सहा टोकं बसतात, पाच शीट पुरतात, वर एक चुकायला.

मापं : चौकोनाची कड ६ सेंमी, टोकाची उतरती कड १८ सेंमी. पूर्ण झाल्यावर टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ अर्धा मीटर होतो.

आता महत्त्वाचं. कंपासपेटीतला कंपास १८ सेंमी उघडत नाही. आम्ही पुठ्ठ्याची पट्टी कापली, दोन भोकं पाडली बरोबर १८ सेंमीवर, एका भोकात टाचणी, दुसऱ्यात पेन्सिल. टाचणी मी धरली, पेन्सिल थोरलीनं फिरवली. मग त्या कमानीवर ६-६ सेंमीच्या खुणा, चौकोनी टोकाला चार घरं, त्रिकोणी टोकाला तीन, सगळ्या खुणा टाचणीच्या भोकाला जोडायच्या, पंखा तयार. बाजूला १ सेंमीची चिकटपट्टी आणि खाली प्रत्येक घराला एकेक. घडीवर संपलेल्या बॉलपेननं रेघ ओढून घ्या, घडी सुरीसारखी पडते.

पहिलं टोक म्हणजे सगळ्यात खालचं. एक तास दहा मिनिटं लागली!

५ डिसेंबर, टोक ५

खालचं टोक धरून त्याच्याभोवती आठ जणांचा पहिला फेर चाललाय, एक चौकोन एक त्रिकोण असं. वेळ आता चाळीस मिनिटांवर आलाय.

चिकटवण्याबद्दल. दोन टोकांच्या चिकटपट्ट्या आतल्या बाजूला एकमेकींना लावायच्या असतात आणि त्या सुटतात, फार सुटतात. काल रात्री लावलेली सकाळी उघडी. शेजारचे चाचा सतारीच्या कामातले आहेत, मिरजेत आमच्याकडे सतार-तंबोऱ्याचं काम घराघरात चालतं हे तुम्हाला माहीत असेलच. ते दारातून डोकावले, काय करालाय रं पोरांनो, म्हणून. बघून म्हणाले, "चिकटिवलं म्हंजे झालं न्हाई बाळा. बांधून ठिवायचं. रातभर हात लावायचा न्हाई." भोपळ्याला लाकूड जोडताना ते दोरी आवळून ठेवतात तसं. कागदाला दोरी चालत नाही म्हणून आम्ही कपडे वाळत घालायचे चिमटे लावले आतून, एका जोडाला दोन. सकाळपर्यंत पक्कं. तेव्हापासून एकही जोड सुटला नाही. मधला रोज सकाळी उठून आधी चिमटे काढायला जातो, तोंड धुवायच्या आधी.

९ डिसेंबर, टोक ९

पहिला फेर बंद झाला. आता ते कमळ दिसतंय, उलटं ठेवलं की मुकुट. धाकटीनं डोक्यावर घालून पाहिला, मग काढताना थोडं दाबलं गेलं, वाफ दाखवून सरळ केलं.

थोरलीला आज हिशोब घातला, एकूण जोड किती येणार. तिनं वहीत मांडलं : चौकोनी टोकं १७, प्रत्येकाला ४ कडा, ६८. त्रिकोणी ८, प्रत्येकी ३, २४. मिळून ९२. मग थांबली बराच वेळ. वरच्या उघड्या तोंडाच्या ४ कडांना जोडीदार नाही हे तिला तारा हातात फिरवताना दिसलं, ते वजा केलं, ८८, आणि एका जोडाला दोन कडा लागतात म्हणून ४४. मी एक अक्षर सांगितलं नव्हतं. नातेवाइकांपैकी कुणी ना कुणी दर महिन्याला विचारतं की शाळेत नाही घातलंत तर पोरांचं गणित कसं होणार. ही वही मी जपून ठेवणार आहे.

१४ डिसेंबर, टोक १४, रविवार

चर्चहून आल्यावर टोक झालं, दुपारी करंज्यांचं सारण. आमच्याकडे नाताळचा फराळ दिवाळीसारखाच, करंज्या शंकरपाळे चकल्या, शिवाय केक. केकला बेदाणे तासगावचे, ते पंधरा दिवसांपासून संत्र्याच्या रसात भिजतायत फ्रीजमध्ये. आजी (माझ्या सासूबाई) चकल्या पाडताना ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणतात, त्यांचं माहेर साताऱ्याचं, आणि टिळकांनी देवाचा दरबार (ख्रिस्तभक्तांची संगत) साताऱ्यातच सुरू केला होता १९१७ मध्ये, हे त्या मुलांना दरवर्षी सांगतात, एकदम घरच्या माणसाबद्दल सांगावं तसं.

रात्री नऊला सगळे गच्चीवर. थंडी चांगली पडलीये. पूर्वेला गुरू एवढा ठळक दिसतोय या महिन्यात, कुणालाही सापडेल. मधल्यानं विचारलं, तोच का बेथलेहेमचा तारा. मग शुभवर्तमानात मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात काय लिहिलंय ते आजीनं सांगितलं, मागी (ज्ञानी) लोक पूर्वेकडून आले आणि त्यांनी तारा पाहिला. किती जण आले ते तिथे लिहिलेलं नाही, तीन हा आकडा त्यांनी आणलेल्या तीन भेटवस्तूंवरून आपण धरतो. मग मी केप्लर या खगोलशास्त्रज्ञाचं सांगितलं, त्यानं गणित करून काढलं होतं की ख्रिस्तपूर्व ७ मध्ये गुरू आणि शनी आकाशात जवळ आले होते आणि त्याचा या ताऱ्याशी संबंध जोडला होता. २१ डिसेंबर २०२० ला ते दोघे अगदी चिकटल्यासारखे दिसले होते, तेव्हा थोरली तीन वर्षांची, बाबाच्या खांद्यावर बसून बघितलं होतं तिनं. तिला आठवत नाही. मला आठवतं. बाबानं आज शनीही दाखवला, पश्चिमेकडे झुकलेला, फिकट. आता ते दोघे आकाशाच्या दोन टोकांना आहेत.

धाकटी खाली उतरताना म्हणाली, आपल्या ताऱ्याला टोकं जास्त आहेत.

१७ डिसेंबर, टोक १७

आज अडकलो. मधला फेर आठही चौकोनांचा, आज शेवटचं टोक बसायचं होतं आणि ते बसेना. जवळजवळ एक सेंटीमीटर जागा कमी. आधी वाटलं चिकटवताना सरकलं असेल, जोड तपासले, सगळे ठीक. मग थोरलीनं पट्टी घेऊन एकेका टोकाची कड मोजली. ११, १३ आणि १४ नंबरची टोकं ६ सेंमी ३ मिलीमीटर निघाली. तिन्ही मधल्यानं आखलेली.

तो एकदम गप्प झाला. मी काही बोलले नाही, त्यालाच पट्टी दिली आणि म्हटलं कशी मोजलीस दाखव. त्यानं पट्टीची कडा खुणेला लावली आणि सहाच्या आकड्यावर टिंब दिलं. पट्टीवर शून्य कडेपासून सुरू होत नाही, तीन मिलीमीटर आत असतं, ते त्याला कधी जाणवलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी पण कधी दाखवलं नव्हतं, एरवी पेन्सिल किंवा बिस्किट मोजताना काय फरक पडतो. त्यानं पट्टी डोळ्यांजवळ नेली, बोटानं ती मोकळी जागा चाचपली, मग शून्यावर नख ठेवलं आणि म्हणाला, मम्मी इथून पळायचं असतं शर्यतीत, मी मागून पळालो. तीन टोकं प्रत्येकी ३ मिलीमीटर, नऊ मिलीमीटर, हे त्यानंच बोटांवर मोजलं.

तिन्ही टोकं ब्लेडनं सोडवली, दोन वाचली, त्यांची कड छाटून परत घडी घातली (उतार किंचित बदलतो पण डोळ्याला कळत नाही), एक फाटलं ते नवीन केलं. जास्तीची शीट इथे कामी आली. आता पुठ्ठ्याच्या पट्टीवर टाचणीपासून ६ सेंमीवर तिसरं भोक पाडलंय, खुणा त्यानंच मारायच्या, मोजपट्टीच नको. तुम्ही मुलांबरोबर करणार असाल तर हे भोक पहिल्याच दिवशी पाडा, आमचे अडीच तास वाचले असते.

२१ डिसेंबर, टोक २१

आगमन काळाचा चौथा रविवार. वरचा फेर अर्धा झाला. रात्री कॅरलवाले आले होते, ढोलकी, हार्मोनियम, पंधरा-वीस पोरं, चहा आणि शंकरपाळे. त्यांनी अर्धा तारा टेबलावर बघितला आणि पाच मिनिटं गाणंच थांबलं.

बल्बचं सांगते. नेहमीचा नऊ वॅटचा एलईडी ६ सेंमीच्या तोंडातून जाताना कागद घासतो. छोटा गोल घ्या, कमी वॅटचा, पिवळसर उजेडाचा. जुना तारेचा गरम होणारा बल्ब कागदाच्या ताऱ्यात अजिबात नको. वरच्या तोंडात कामटीचे दोन तुकडे आडवे-उभे बांधून त्यावर होल्डर टांगलाय, वजन कामटीवर येतं, कागदावर येत नाही.

२४ डिसेंबर, टोक २४

काही लिहायला वेळ नाही, केक ओव्हनमध्ये आहे. एकच टोक राहिलं. मोठा प्रश्न आहे, उद्याचं.

२५ डिसेंबर, टोक २५

प्रश्न हा होता. शेवटचं टोक लावताना तीन बाजूंना टोकं असतात, चिकटपट्ट्या आतल्या बाजूला, आणि त्या आतून दाबायला एकच वाट, वरचं ६ सेंमीचं तोंड. माझा हात जात नाही. बाबाचा तर नाहीच. थोरलीचा मनगटापर्यंत गेला आणि आत वळेना. चिमटा तर आत जाऊन उघडूच शकत नाही.

सकाळची उपासना करून घरी आलो, नवीन कपडे अंगावरच. धाकटीची बाही वर केली. तिनं हात आत घातला कोपरापर्यंत, मी बाहेरून टोक जागेवर धरलं, थोरली टॉर्च मारून तोंडातून बघत होती आणि सांगत होती, डावीकडे, अजून खाली, हां तिथे, दाब. मधला आकडे मोजत होता, साठपर्यंत प्रत्येक जोडाला. धाकटी हलली नाही. साडेतीन वर्षांचं पोर तीन मिनिटं हलली नाही, जीभ बाहेर काढून, डोळे छताकडे. मग विचारलं, आता बाळ येशूला दिसेल का. हात बाहेर काढला तर बोटाला फेविकॉल आणि कागदाचा एक कपचा चिकटलेला.

चारपर्यंत वाळू दिला. चाचांच्या घरी फराळाचं ताट घेऊन मुलं गेली, त्यांना सांगून आली की संध्याकाळी या. सात वाजता व्हरांड्यात टांगला, नायलॉनची दोरी गच्चीच्या कठड्याला. बटण धाकटीनं दाबलं. चौकोनी टोकं पांढरी दिसतात आणि त्रिकोणी जरा पिवळी, आम्ही त्यांना आतून पिवळा पतंगी कागद लावला होता. मधल्या फेरात एका जागी जोडातून उजेडाची बारीक रेघ येते, त्या छाटलेल्या टोकापाशी. मी पट्टी लावून बंद करणार होते, मधला म्हणाला राहू दे, ते माझं आहे. राहू दिलंय.

२६ डिसेंबर

वारा होता रात्री, तारा गरगर फिरला पण टिकला. दोरी एक होती ती आता दोन केल्यात, फिरत नाही. ६ जानेवारीपर्यंत ठेवणार, मग उतरवून कुठे ठेवायचा ते बघायचंय, अर्ध्या मीटरचा खोका घरात नाही. कुणी मधला फेर सुटा होईल असा केला असेल तर फोटो टाका प्लीज, पुढच्या वर्षी तसा करू.

गल्लीतली दोन मुलं सकाळपासून आलीयेत, त्यांना पण करायचाय. मधल्यानं त्याची तीन भोकांची पट्टी आणली, टाचणी कशी धरायची दाखवली, आता त्यांना मोजपट्टीवरचं शून्य कुठे असतं ते नखानं दाखवतोय.