वाकडा वाडा

लिटल मोर्टन हॉलचा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं कॅमेराच तिरका धरलाय कोणीतरी. पण नाही, घरच तसं आहे! इंग्लंडमधे चेशर काउंटीत काँगल्टनजवळ, भोवती पाण्याने भरलेला खंदक आणि मधे काळ्या-पांढऱ्या नक्षीचा लाकडी वाडा. ओकच्या तुळयांचा सांगाडा आणि मधल्या फटी कुडाने भरून लिंपलेल्या. मोर्टन घराण्याने १५०४ च्या सुमारास बांधायला घेतला आणि मग पुढची शंभर वर्षं जमेल तसं वाढवत नेला, त्यामुळे धड चौकोन कुठेच नाही.

मला सगळ्यात आवडतात त्या अंगणातल्या भिंतीबाहेर आलेल्या, छपरवाल्या दोन खिडक्या, एकमेकींना इतक्या चिकटून की छपरं जवळपास भिडतात. त्यावर लाकडात कोरलंय की या विल्यम मोर्टनने १५५९ साली करून घेतल्या आणि रिचर्ड डेल सुताराने घडवल्या. मालकाच्या जोडीला सुताराचं नाव, तेही स्पेलिंगच्या चुकांसकट! साडेचारशे वर्षं झाली, अजून वाचता येतं.

आता वाकडेपणाचं. दक्षिणेकडच्या भागावर सगळ्यात वर एक लाँग गॅलरी, म्हणजे लांबलचक दालन चढवलंय, सुमारे ६८ फूट लांब, बाहेर पाऊस असला की आत फेऱ्या मारायला. ही बहुतेक मागाहून सुचलेली कल्पना, आणि वर छप्पर कशाचं तर जाडजूड दगडी फरशांचं. खालचे मजले त्या वजनाने जे दबले, फुगले, कलले ते कललेच.

मग सतराव्या शतकातल्या इंग्लिश सिव्हिल वॉरमधे (राजा विरुद्ध पार्लमेंट) मोर्टन मंडळी राजाच्या बाजूने, म्हणजे हरणाऱ्या बाजूने. पैसा गेला, वाडा शेतकऱ्यांना भाड्याने दिला, एकोणिसाव्या शतकात तर चॅपलमधे, म्हणजे वाड्यातल्या प्रार्थनाघरात, कोळसा साठवायचे. पण खरं सांगू, ही गरिबीच पथ्यावर पडली असं मला वाटतं, खिशात पैसे असते तर कोणीतरी हे सगळं पाडून विटांचं टापटीप घर बांधलं असतं.

शेवटी वाडा आला एलिझाबेथ मोर्टनकडे, ती नन म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनी होती. तिने चॅपल नीट केलं. तिने जाताना नात्यातल्या भावाला वाडा देताना अट घातली की विकायचा नाही, आणि १९३८ मधे तो नॅशनल ट्रस्टकडे (जुन्या वास्तू जपणारी संस्था) गेला. गॅलरी कोसळू नये म्हणून पोलादी सळ्या घालून घेतल्या त्याही बहुधा तिनेच. सरळ मात्र नाही केली.