अकरा वाजताची मिसळ: एकोणीस नोंदी पुन्हा करायला घेतल्या

रविवारी सव्वाअकराला आत्याने माझ्या नाशिकच्या मिसळींच्या यादीतल्या सात नंबरच्या मिसळीचा पहिला घास घेतला, पाव ताटलीत ठेवला आणि विचारलं, "हीच का गं तुझी नऊ गुणांची?" मी माझ्या वाटीतला रस्सा चमच्याने घेऊन पाहिला. तिचं बरोबर होतं. रंग फिकट तांबूस, मीठ पुढे, मसाला मागे, आणि घशाशी रेंगाळणारी काळ्या मसाल्याची ऊब कुठेच नाही. आषाढात याच दुकानात, खिडकीजवळच्या याच बाकावर बसून मी वहीत लिहिलं होतं: ‘काळी, खोल, तिसऱ्या घासाला कपाळावर घाम. ९.’

आत्या पुण्याची, बेडेकरांच्या गोडसर मिसळीवर वाढलेली. तिचं तिखटाचं माप वेगळं हे धरलं तरी या वेळी प्रश्न तिच्या जिभेचा नव्हता. घरी येऊन वही काढली. नऊ गुण दिले तेव्हाची वेळ सकाळी ८:१०. मग एकोणीसच्या एकोणीस ठिकाणांच्या वेळा काढल्या. वरच्या पाचांतल्या चार नोंदी साडेआठच्या आतल्या निघाल्या, तळाच्या सहांतल्या पाच साडेदहानंतरच्या. गेले सहा महिने मी नाशिकच्या मिसळी क्रमाने लावत होते आणि यादी लागली होती घड्याळाप्रमाणे. त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही. आपल्यापैकी काहीजण ती यादी घेऊन पाहुण्यांना फिरवून आले आहेत, हे सारखं मनात येत होतं.

त्यामुळे या वेळी नवं ठिकाण एकच, तेही शेवटी. बाकी सगळी नोंद या एका प्रश्नाची: आठची मिसळ अकराला वेगळी का होते?

पहिली शंका अर्थातच तर्रीवर. (नागपूरकरांसाठी पुन्हा एकदा: आमच्याकडे तर्री म्हणजे रश्श्यावरचा तेलाचा लाल तवंग, तुमच्या पोह्यांवरचा चण्याचा रस्सा नव्हे.) मिरचीचा लाल रंग आणि तिचा तिखटपणा, दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात फारसे नाहीत. तेल हलकं, ते वर येतं. पातेलं एकच असेल आणि वाढणारा वरूनच पळी घेत असेल, तर सकाळच्या ताटांबरोबर रंग आणि तिखट दोन्ही निघून जाणार. मागे राहतं ते मिठाचं पाणी आणि मटकी. पातेलं मंद आचेवर उकळत राहिलं की पाणी आटतं, मीठ मात्र तेवढंच राहतं, म्हणून अकराच्या रश्श्यात मीठ पुढे येतं. मग कुणीतरी तांब्याभर साधं पाणी ओततं आणि मसालाही सपाट होतो. कागदावर सगळं चोख जुळत होतं. सिद्ध कसं करायचं, हा प्रश्न होता.

सलग तीन रविवार सात नंबरला गेले. आठला, साडेनऊला आणि सव्वाअकराला. तिन्ही वेळा रस्सा पार्सल घेतला, घरी एकाच काचेच्या पेल्यात ओतला, दहा मिनिटं स्थिर ठेवला आणि तवंगाची जाडी स्टीलच्या पट्टीने मोजली. आठचा तवंग सहा मिलिमीटर. साडेनऊचा चार. सव्वाअकराचा? पुन्हा सहा! मी पट्टी तीनदा लावली. ओट्यावर पेला ठेवला होता, मागे खिडकीचा उजेड, आणि तेलाची ती लाल पट्टी अगदी स्पष्ट दिसत होती. जीभ सांगत होती रस्सा पातळ झालाय, पट्टी सांगत होती झालेला नाही.

दोन दिवस मी या एका आकड्यावर अडून बसले. भाऊजींचं म्हणणं, "वहिनी, मालकाने मध्येच नवा घाणा टाकला असेल." तसं असतं तर चवही परत आली असती. शेवटी बुधवारी संध्याकाळी चहा गाळताना लक्षात आलं. पार्सल वाढणारा मुलगा वेगळा असतो. टेबलावरचा वाढपी मोठी पळी खोल बुडवून मटकीसकट रस्सा उचलतो. पार्सलवाला पिशवीत मटकी नको म्हणून वरवरच पळी फिरवतो. मी तीन आठवडे टेबलावर एक रस्सा खात होते आणि ओट्यावर दुसराच मोजत होते.

चौथा रविवार. या वेळी टेबलावरच एक वाटी रस्सा वेगळा मागितला आणि पट्टी पर्समधून काढून तिथेच मोजला. ८:०५ ला पाच मिलिमीटर, ११:२० ला जेमतेम एक. आधी आठला खाल्लं, मग रामकुंडावर जाऊन बसले, परत अकराला आले. एका दिवसात दोन मिसळी पोटाला जड जातात, पण त्या एका मिलिमीटरचा आनंद मला आठवडाभर पुरला.

रश्श्याचं तापमान मोजायच्या थर्मामीटरबद्दल काहींनी विचारलं होतं. मी ऑनलाइन मागवलेला टोकदार डिजिटल घेतलाय. आकडा स्थिर व्हायला वेळ लावतो आणि वाफेने काच धुरकट होते; घ्यायचाच असेल तर झटपट आकडा देणारा घ्या, दोनशे रुपये जास्त गेले तरी. पण तापमान नोंदवा जरूर. मिरचीतलं कॅप्सेसिन आणि साधारण ४३ अंशांवरची उष्णता, दोन्हींमुळे जिभेतली एकच संवेदना जागी होते, म्हणून तीच मिसळ गरम असताना जास्त तिखट लागते. सात नंबरला आठचा रस्सा टेबलावर आला तेव्हा ७४ अंश होता, अकराचा ६१. गर्दीत वाट्या भरून रांगेत ठेवतात, त्यात तेरा अंश गेले. आत्याला मिसळ फिकट लागली त्यात या तेरा अंशांचाही वाटा आहे.

इथपर्यंत आल्यावर ठरवलं होतं की सगळी ठिकाणं साडेनऊला पुन्हा करायची. एकच वेळ, सगळ्यांना सारखा न्याय. तक्ताही आखला होता. पण गेल्या शनिवारी तो बेत मोडला, आणि मोडला ते बरं झालं.

डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर बचत गटांचे खाण्याचे स्टॉल लागले होते. मी गेले होते मांड्यांसाठी. खापरावर मांडा पसरताना बघायला मला कधीच कंटाळा येत नाही. मांडे करणाऱ्या बाईंनी पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत नेला आणि उलट्या खापरावर असा सोडला की कुठे एक सुरकुती नाही. अर्धा मांडा दूध-तुपाबरोबर उभ्यानेच खाल्ला. कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून घेतला. कळण्याच्या भाकरीत उडदाचं प्रमाण जमलं नाही की ती कोरडी पडते; ही संध्याकाळपर्यंत मऊ होती, दहापैकी दहा.

तर त्या रांगेच्या टोकाला सिन्नरकडच्या एक मावशी मिसळ देत होत्या. दुपारचा एक वाजलेला, सकाळपासून स्टॉल चालू, आणि माझ्या ताटात आलेली मिसळ आठ वाजताची! वर तवंग, खाली काळा मसाला, मटकी अख्खी. मी ताट हातात धरून त्यांच्या शेगडीमागे जाऊन उभी राहिले. दोन पातेली होती. मोठ्यात रस्सा, अगदी मंद आचेवर. बाजूला गरम पाण्याच्या टोपात बसवलेला स्टीलचा उभा डबा, त्यात नुसती तर्री. प्रत्येक ताटाला रश्श्याची पळी मोठ्या पातेल्यातून, तर्रीची छोटी पळी डब्यातून.

मी विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "ताई, सगळं एका भांड्यात ठेवलं की पहिल्यांना तेल आणि मागच्यांना पाणी. गिऱ्हाईक काय सगळं सकाळीच येतं का?" रस्सा आटला की त्यात साधं पाणी घालत नाहीत, मटकी शिजवल्याचं पाणी थर्मासमध्ये गरम ठेवलेलं असतं, तेच घालतात. मटकीही सगळी एकदम रश्श्यात सोडत नाहीत, चाळणीत वेगळी. ताटात आधी मटकी, मग रस्सा. म्हणून तीही गाळ होत नाही. माझ्या सहा महिन्यांच्या वहीत याची एक ओळ नव्हती. मी त्यांना विचारून त्या डब्याचा फोटो काढला, आणि डब्याला हात लावून बघू दिला म्हणून त्यांचे आभार मानले.

आता हे लिहिता लिहिता पुढचं सुचतंय, म्हणून तक्ता बाजूला ठेवते. सगळीकडे साडेनऊला जायची गरजच काय? ज्याच्याकडे तर्री वेगळी आहे त्याची मिसळ उशिरापर्यंत बरीचशी टिकणार. ज्याच्याकडे एकच पातेलं, तिथे आठलाच जावं. म्हणजे वहीत गुणांच्या आधी एक रकाना हवा: ‘तर्री वेगळी / एकत्र’. आणि तो भरायला आत डोकवावंही लागत नाही. रस्सा संपला की वाढप्याला हाक मारा. तो नुसता "रस्सा?" म्हणाला तर बहुधा एक पातेलं. "तर्री देऊ का रस्सा?" असं विचारलं तर दोन. काल संध्याकाळी आठवून आठवून एकोणीसपैकी अकरा ठिकाणांचा हा रकाना भरला, आणि यादीत तळाला गेलेली दोन ठिकाणं, दोन्ही ‘एकत्र’वाली, निव्वळ उशिरा गेल्यामुळे पडली होती असं दिसतंय. त्यांची मी मनापासून माफी मागते. पुढच्या फेरीत ती पहिली.

चुलीवर रस्सा करणाऱ्यांचं काय, हा प्रश्न मात्र उघडा आहे. गंगापूर रोडकडच्या साधना चुलीवरच्या मिसळीसारख्या ठिकाणी जायचं तर तिथली आच गॅससारखी एका बटणावर कमी होत नाही. लाकडाची आच सकाळभर कशी सांभाळतात, आटण्याचा वेग किती, हे तिथे उभं राहूनच बघावं लागेल. यासाठी एक अख्खा रविवार राखून ठेवतेय.

एक छोटी गोष्ट साधली ती सांगायलाच हवी. काळ्या मसाल्यातलं दगडफूल मला आता जिभेवर ओळखता येतं. मे महिन्यात मी त्याला ‘मातकट’ लिहायचे. आता कळतं की भाजलेल्या खोबऱ्याचा कडवटपणा जिभेच्या मागे बसतो आणि दगडफुलाचा टाळूला, पावसानंतरच्या दगडासारखा. घरी तयार मसाल्याचं एक पाकीट आणलं होतं, त्यात रंग होता, ही चव नव्हती. परत आणणार नाही. कांडपावर स्वतः उभं राहून कांदा-खोबरं आपल्या डोळ्यांसमोर भाजून घ्यावं, दगडफूल थोडंच घालावं. ज्यांनी काळ्या मसाल्यासाठी पत्ता विचारला त्यांना माझं हेच उत्तर.

नवं ठिकाण, वीस नंबर: पंचवटी कारंज्यावरची अंबिका. काळा मसाला, सोबत पापड. सकाळी ८:२० ला गेले, म्हणून जुन्या पद्धतीने गुण देत नाही. उशिराची भेट झाली की दोन्ही एकदम लिहीन. पापड मात्र मोडून मिसळीत घालू नका, रस्सा पिऊन तो दोन मिनिटांत लगदा होतो. बाजूने घासाघासाने खा.

कॉलेज रोडवरच्या कॅफेंची उशिराची न्याहारी, पॅनकेक आणि अंड्याचे प्रकार, यांची वेगळी वही करा असं दोघांनी सुचवलं. करू. पण तिथे अकराला गेलं काय आणि बाराला काय, पदार्थ ऑर्डरनंतरच बनतो, त्यामुळे हा घोळ तिथे नाही. मला आत्ता रस आहे तो पातेल्यात. येता रविवार हुरड्याला जातोय, मखमलाबादकडे एका ओळखीच्या शेतात. बाजूला नुकते मणी भरत आलेले द्राक्षांचे बाग. त्यामुळे मिसळीचा रविवार एक पुढे गेला.

तर्रीने सगळं सुटलेलं नाही. बारा नंबरला तर्री वेगळी असते, वाढपी विचारतोही, तरी साडेदहाला गेलो तेव्हा रस्सा खारट होता. तिथे मटकीचं पाणी घालत नसावेत, किंवा घालून पुन्हा चव बघत नसावेत. संक्रांतीला आत्या परत येतेय. तिला घेऊन बारा नंबरला आठलाही जायचं आणि अकरालाही, दोन वाट्या, एक पट्टी, आणि या वेळी मिठासाठी आत्याची जीभ. तोवर कुणी बारा नंबरला उशिरा गेलं तर फक्त एवढं बघा: रस्सा कमी झाल्यावर पातेल्यात काय ओततात, तांब्यातून की थर्मासमधून.