वाल्पोलिचेल्लात गेलात तर तळघर सोडा, माळ्यावर चढा

इटलीतल्या व्हेरोनाबद्दल एका ओळीत: ज्युलिएटच्या सज्जाखाली चेंगराचेंगरी असते, अरेना हे रोमन रंगमंडल बाहेरूनही देखणं दिसतं, आणि राहायचंच असेल तर शहरात न राहता उत्तरेच्या टेकड्यांत राहावं. त्या टेकड्या म्हणजे वाल्पोलिचेल्ला, सुकवलेल्या द्राक्षांपासून होणाऱ्या आमारोने या रेड वाइनचं घर. तिथल्या वाइन टूरवर मात्र माझा राग आहे. गटाला थेट तळघरात नेतात, पिंपांपुढे फोटो काढतात, ग्लासमागून ग्लास पाजतात, 1936 साली विसरून राहिलेल्या पिंपातून आमारोने कशी जन्मली ती गोष्ट सांगतात आणि बिल हातात ठेवतात. ज्या माळ्यावर द्राक्षं सुकतात आणि आमारोने खरी घडते, तो काचेआडून अर्धा मिनिट दाखवला की झालं. पिंप तर जगात कुठेही बघायला मिळतं.

नेग्रार, मारानो, फुमाने या गावांभोवतीच्या उतारांवर दगड रचून बांधलेले बांध आहेत आणि त्यावर द्राक्षाचे मांडव. हा मांडव तिथे हट्टाने टिकलाय त्याला कारण आहे. मुख्य जात कोर्विना. तिच्या काडीवरचे बुडाचे डोळे बहुधा वांझ निघतात, म्हणून छाटताना काडी लांब ठेवावी लागते आणि लांब काडीला पसरायला जागा लागते. शिवाय घड पानांच्या सावलीत मोकळे लोंबतात, हवा खेळती राहते. आमारोनेत नियमाने कोर्विना 45 ते 95 टक्के. तिच्याऐवजी कोर्विनोने ही जातही चालते, आणि रोंदिनेल्ला ही तिसरी जात 5 ते 30 टक्के.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात तोडणी सुरू होते तेव्हा पहिला हात आमारोनेसाठी फिरतो. घड हातानेच तोडायचा, आणि तो विरळ मण्यांचा हवा. गच्च घडात आतला एखादा मणी फुटला तर बाहेरून कळत नाही आणि आठवड्याभरात अख्खा क्रेट जातो. क्रेटमध्ये घडांचा एकच थर, साधारण 5 ते 6 किलो. घडावर घड ठेवायचा नाही. पूर्वी यासाठी बांबू-बोरूच्या ताट्या वापरत. वसंतात त्यांवर रेशमाचे किडे पोसायचे आणि शरदात त्याच ताट्यांवर द्राक्षं पसरायची. काही घरांत त्या अजून आहेत, पण धुवायला सोपा म्हणून बहुतेकांनी प्लास्टिकचा क्रेट पत्करलाय. ताटी फोटोत छान दिसते. मला विचाराल तर क्रेटच बरा.

हे क्रेट माळ्यावर सुकायला जातात ते तीन-चार महिन्यांसाठी. या माळ्याला तिकडे फ्रुत्तायो म्हणतात: उंच छत, दोन्ही बाजूंना खिडक्या, हल्ली जोडीला पंखे आणि दमटपणा ओढून घेणारी यंत्रं. सगळ्यात धोक्याचे पहिले दोन-तीन आठवडे, कारण मण्यात पाणी भरपूर असतं आणि बाहेर ऑक्टोबरचा पाऊस, मग धुकं. दमटपणा चढला की खिडक्या बंद करून पंखे लावायचे. कोरडा वारा सुटला की पुन्हा उघडायच्या. बोट्रायटिस बुरशी थोडी लागली तर काहींना चालते, त्याने वाइनला मऊपणा येतो. जास्त झाली तर रंग तपकिरी पडतो आणि वास बिघडतो.

इथे तासगाव-सांगलीच्या बेदाण्याच्या शेड आठवल्याशिवाय राहत नाहीत, पण रीत नेमकी उलटी आहे. आपल्याकडे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि पंधरवड्याच्या आसपास बेदाणा हातात येतो. वाल्पोलिचेल्लात तो थर जपायचा असतो. पाणी हळूहळू जायला हवं, कारण तेवढ्या काळात मणी जिवंत असतो, श्वास घेतो, त्यात मॅलिक आम्ल खर्ची पडतं आणि नवे सुगंध तयार होतात. उष्ण हवा सोडून घाई केली तर साखर वाढते खरी, पण चव जॅमसारखी होते. वजन तिसऱ्या हिश्शाने, कधी त्याहून जास्त घटतं. सहा किलोचा क्रेट चारावर येतो.

1 डिसेंबरपूर्वी ही द्राक्षं चिरडता येत नाहीत, आणि बरेचजण जानेवारीपर्यंत थांबतात. मग दुसरी कसोटी, आंबवण्याची. तळघर गार, रस साखरेने दाट. साधारण 17 ग्रॅम साखरेतून लिटरला एक टक्का अल्कोहोल मिळतो, म्हणजे 16 टक्क्यांसाठी लिटरमागे 270 ग्रॅमच्या वर साखर यीस्टला संपवायची असते. सुरुवातीला ते साखरेने दबतं, शेवटी स्वतःच्याच अल्कोहोलने. महिना-दीड महिना हे रेंगाळतं. मध्येच थांबलं तर वाइन गोडसर राहते, आणि अर्धवट आंबलेल्या रसात जिवाणू शिरले तर व्हिनेगरचा वास येतो. पूर्ण गोड ठेवली तर ती रेचोतो, ही आमारोनेची थोरली बहीण.

100 किलो ताज्या द्राक्षांतून नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 40 लिटर आमारोने. न सुकवलेल्या द्राक्षांच्या साध्या वाइनला, म्हणजे वाल्पोलिचेल्लाला, 70 लिटर. किमतीचं गणित इथेच उलगडतं. पुढे किमान दोन वर्षं मुरवायची, जास्त मुरवलेल्या रिझेर्व्हाला चार, बहुधा मोठ्या ओकच्या पिंपात. लहान नव्या फ्रेंच पिंपात ठेवलेली मला सोसत नाही. इतक्या कष्टाने कमावलेला फळाचा गंध लाकडाखाली दडपून टाकायचा कशाला?

जायचं तर नोव्हेंबरात जा. एप्रिलमध्ये व्हेरोनात वाइनचं मोठं प्रदर्शन भरतं, खोल्या मिळत नाहीत आणि माळे रिकामे असतात. आगाऊ लिहून माळा दाखवाल का एवढंच विचारा. नाही म्हणाले तर दुसरा वाइन-उत्पादक शोधा. जेवायला आमारोनेत शिजवलेला भात, रिसोत्तो, मागवा, पण पेल्यात रिपास्सो घ्या. आमारोनेच्या उरलेल्या चोथ्यावर साधी वाल्पोलिचेल्ला पुन्हा आंबवून ती करतात, बरीच स्वस्त पडते आणि दोन पेल्यांनंतर जेवणावर झोप येत नाही.