सोडले आहे

रविवार, रात्री

आज उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणताना पुन्हा तिथंच अडखळले. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे...’ सगळी मंडळी ‘आमेन’पर्यंत पोचली आणि मी ‘सोडले आहे’पाशीच. सोडतो नाही, सोडू नाही, सोडले आहे. म्हणजे वही फाडून झाली. कुणी फाडली? तो विषय काढायचा नाही असं ठरलंय. पण ठरवून काय होतं.

लूकच्या शुभवर्तमानातल्या प्रार्थनेत हेच क्रियापद वर्तमानकाळात येतं. उपासनेत मात्र आपण म्हणतो ती मत्तयाची. मला लूकची परवडली असती.

जेवणं झाल्यावर मत्तय 18 काढला, येशूचा तो दाखला: राजा चाकराचं सगळं देणं सोडतो, आणि तोच चाकर बाहेर पडून आपल्या सोबत्याचा गळा धरतो. कागदावर हिशेबच मांडला. दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. तलांत म्हणजे साधारण 6,000 दीनार. चाकराचं देणं 10,000 तलांत, म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. येशूच्या काळचा राज्यकर्ता हेरोद अंतिपा, त्याला गालील आणि पेरिया या प्रांतांतून मिळून वर्षाला 200 तलांत येत, असं इतिहासकार योसेफस लिहितो. त्याची पन्नास वर्षांची आवक एका चाकराच्या डोक्यावर! आणि याचं सोबत्याकडे येणं 100 दीनार. प्रवचनात ही रक्कम नेहमी ‘किरकोळ’ म्हणून उडवून लावतात. किरकोळ कशी? आजच्या 500 रुपये रोजानं 50,000 होतात. शंभर दिवसांचं राबणं. येशूनं एक दीनार म्हटलं नाही, शंभर म्हटलं. तेवढंच बरं वाटलं. निदान माझं येणं त्याच्या हिशेबात धरलंय.

मग ‘मला वागवून घ्या’पाशी थांबले. दोघेही ऋणको तेच म्हणतात, जवळजवळ शब्दाला शब्द. मूळ ग्रीक क्रियापदात राग लांबणीवर टाकण्याचा अर्थ आहे, आणि 2 पेत्र 3:9 मध्ये देव आपलं धीराने सहन करतो, तिथंही तेच क्रियापद. चाकरानं मागितली फक्त मुदत. मिळाली पूर्ण सूट. मला वाटतं, त्याला ते ऐकूच गेलं नाही. तो मुदतच मिळाली असं समजून बाहेर पडला, म्हणून लगेच वसुलीला लागला. आपल्याला सुटलंय यावर विश्वास नसला की माणूस दुसऱ्याच्या नरड्याला हात घालतो. हे लिहिताना हात जरा आखडलाच.

भावाला किती वेळा क्षमा करायची, यावर पेत्राचं ‘सात वेळा काय?’ मला नेहमीच आवडतं. बिचाऱ्याला वाटलं, आपण भरपूर सांगितलं. येशूच्या उत्तरातला आकडा, साताच्या सत्तर वेळा, उत्पत्ती 4 मध्ये सुडाची फुशारकी मारणाऱ्या लामेखाची आठवण करून देतो. पण ते राहू दे.

खरी मेख त्याच अध्यायात थोडी आधी आहे, 15 ते 17. भावानं अपराध केला तर आधी एकांती जाऊन सांग. नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा. तरी नाही, तर मंडळीला कळव. आमच्याकडे क्रम उलटा: आधी महिला मंडळ, मग दोन मावश्या, आणि जिनं मला दुखावलं तिला मात्र अजून एक अक्षर नाही. सहा महिने झाले. हसूच आलं मला. क्षमा करायची की नाही यावर एवढा काथ्याकूट, आणि पहिली पायरीच चढलेली नाही.

साडेसातनंतर ती घरी असते. कॉलनीतून चालत गेलं तर दहा मिनिटं. मावश्यांना सांगायचं नाही.