चढाला मरणारी गाडी आणि आत्याचं खळं

खंबाटकीच्या चढावर गाडीने पहिला झटका दिला तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि मी बाबांकडे बघितलं नाही. दुसरा झटका. तिसरा. मग इंजिनने एक लांब उसासा टाकला आणि बंद. मागून सळ्या भरलेला ट्रक हॉर्न देत येत होता. इंजिन बंद पडलं की ब्रेकचा व्हॅक्यूम एक-दोनदा पेडल दाबेपर्यंत साथ देतो, पुढे पायाखाली नुसता दगड. बाबांनी होता तेवढ्या वेगात गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, मी उडी मारून मागच्या चाकाला दगड लावला. हा दगड आमचा घरचा. सोसायटीसमोरच्या बांधकामावरून आणलेला, चांगला चौकोनी. ऑगस्टपासून तो मागच्या सीटखालीच राहायला होता.

डिसेंबर २०१७ ची गोष्ट. पुण्याहून विजयदुर्गाजवळ पडेलला आत्याकडे निघालो होतो, बाबा आणि मी. गाडी २००४ सालची, डिझेल, जुन्या पद्धतीच्या पंपाची. इलेक्ट्रॉनिक्स जवळपास नाहीच. बाबांच्या भाषेत "उघडून बघता येते अशी शेवटची गाडी".

बघितली मात्र बऱ्याच जणांनी होती. पहिल्या गॅरेजने बॅटरी बदलायला लावली. दुसऱ्याने सेल्फ उघडून कार्बन ब्रश बदलले. तिसऱ्याने डिझेल फिल्टर दोनदा बदलला, हीटर प्लग नवे टाकले आणि "आता कंप्लेंट आली तर माझं नाव बदला" असं सांगितलं. प्रत्येकाकडे गाडी शहाण्या मुलीसारखी वागली. डॉक्टरांच्या पायरीवर ताप उतरतो, तसं. घरी आणली की दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगच्या रॅम्पवर पुन्हा घरघर, घरघर.

बाबांची एक वही आहे. डिझेल भरलं की किलोमीटर, लिटर, रुपये लिहायचे. ऑगस्टपासून त्यात लाल पेनाने "बंद" अशा नोंदी सुरू झाल्या. वेळ, हवा थंड की गरम, टाकी किती भरलेली, कुठल्या पंपावरचं डिझेल. मला त्या वहीचा अभिमान होता. आम्ही सगळं लिहीत होतो, असं मला वाटत होतं.

खंबाटकीत दहा मिनिटं थांबून बाबांनी एअर, म्हणजे डिझेलच्या लाईनमध्ये शिरलेली हवा काढली, गाडी चालू झाली. पुढे साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत सपाट हायवेवर एक चूक नाही. रात्री बाबांच्या मित्राकडे मुक्काम, सकाळी अर्ध्या चावीत स्टार्ट. मित्रांनी मिसळीनंतर त्यांच्या ओळखीच्या फिटरला बोलावून आणलं. त्याने चावी ऑन करायला सांगितली आणि कान पंपाशी नेला. "टिक्" असा आवाज आला. पंपावर एक सोलेनॉईड असतो, त्याला करंट मिळाला तरच तो डिझेलची वाट उघडतो. वायर सैल असेल तर खड्ड्यात गाडी गपकन बंद होते. फिटरने वायर हलवून पाहिली, तीन वेळा टिक् ऐकलं आणि म्हणाला, "ह्यो न्हाई. ह्यो असता तर एकदम बटण दाबल्यागत बंद पडली असती. तुमची झटके देऊन मरती म्हनता न्हवं? ही उपाशी मरतीया." पैसे घेतले नाहीत. तोवर भेटलेल्या माणसांत हा पहिला, ज्याने काही न बदलता काहीतरी सांगितलं.

कोल्हापूर ते गगनबावडा साधारण ५५ किलोमीटर. बालिंगा, कळे, असळज. कारखाने सुरू झालेले, त्यामुळे रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या आणि हवेत मळीचा गोड-आंबूस वास. एका ट्रॅक्टरमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढत होतो आणि गगनबावडा दोन-तीन किलोमीटरवर असताना पुन्हा तेच. झटका, झटका, उसासा. मी दगड काढला.

या वेळी एअर मी काढली. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबायची की ती भट्टीसारखी तापावी आणि नेमक्या क्षणी त्यात डिझेलचा फवारा मारायचा. नोझल उघडायलाच शंभराहून जास्त बार दाब लागतो. डिझेल दाबलं तरी आकसत नाही, म्हणून तो दाब तयार होतो. लाईनमध्ये हवेचा फुगा शिरला की पंप नुसता तो फुगा आवळत बसतो. म्हणून ती हवा हाकलायची. फिल्टरच्या डोक्यावरचा बोल्ट पान्याने दोन आटे सैल केला, खाली चिंधी धरली आणि फीड पंपाचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा, हातपंप मारायला घेतला. आधी नुसतंच फस् फस्. मग कपडे धुतल्यासारखा पांढुरका फेस, त्यात टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे. तीस-चाळीस वेळा दाबल्यावर फेस पातळ झाला आणि मग सलग, काचेसारखं डिझेल आलं. तसाच बोल्ट आवळला. (हे उद्योग जुन्या पंपाच्या गाडीवर. नव्या, कॉमन रेल पद्धतीच्या गाडीत इंजेक्टरच्या पाइपाला पाना लावायला जाऊ नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, डिझेल कातडी फोडून आत शिरतं.)

फेस होता म्हणजे हवा कुठून तरी येत होती. पण कुठून? गाडीखाली थेंब नाही, वास नाही. गळतच नसेल तर हवा शिरते कुठून, या प्रश्नावर बाबा आणि मी गगनबावड्याच्या टपरीवर चहा घेता घेता भांडलो.

करूळ घाट तेव्हा काँक्रीटचा झालेला नव्हता. खड्डे होते, पण कठड्यापाशी थांबलं की खाली सगळं कोकण धुरकट निळं पसरलेलं. दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरलो. गाडी अशी धावली की काल-परवाचं सगळं खोटं वाटावं. "माहेरचा वारा लागला तिला," बाबा म्हणाले. खरं तर माहेर त्यांचं. वैभववाडी, तळेरे, मुंबई-गोवा रस्ता ओलांडून पुढे जांभ्याची पठारं, आणि संध्याकाळी पडेल.

आत्याचं घर उंचवट्यावर. रस्त्यावरून गाडी वर चढवायची आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, घराकडे तोंड करून लावायची. तशीच लावली. सकाळी विजयदुर्ग बघायला निघालो तर गाडी मेलेली. सेल्फ दहा सेकंद मारायचा, अर्धा मिनिट थांबायचं, पुन्हा. शेवटी पाना, चिंधी, हातपंप. लाल पेन.

विजयदुर्गावर चांगले तीन तास काढले. तिहेरी तटबंदी, वाघोटणच्या खाडीचं तोंड, १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेलेला किल्ला. पण मला त्याहून आवडली ती जवळची आरमारी गोदी. खडकात कोरलेली, भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरडं पडलं की खालून दुरुस्त करायचं. जॅक नको, रॅम्प नको. गाडीखाली पाठीवर झोपून वैतागलेल्या माणसाने तिथे दोन मिनिटं उभं राहावं.

संध्याकाळी परतलो तर आत्याने खळ्यात घराच्या बाजूला सुपाऱ्या वाळत घातलेल्या. म्हणून बाबांनी गाडी रिव्हर्स करत चढवली आणि रस्त्याकडे, म्हणजे उताराकडे तोंड करून लावली. सकाळी अर्ध्या चावीत स्टार्ट. बाबा खुशीत. तेवढ्यात आत्या केरसुणी घेऊन आली आणि गाडीच्या पोटाखाली बघून कडाडली, "दादा, ह्या काय सांडलंस? कालच सारवलंय मी खळा!"

शेणाने सारवलेल्या हिरवट जमिनीवर रुपयाएवढा काळा डाग. बोट लावून वास घेतला. डिझेल.

तो डाग आम्हाला कळला नाही. कळला तो पडेल कॅन्टीन नावाच्या तिठ्याजवळ गॅरेज असलेल्या काकांना. गाडी बघायच्या आधी त्यांनी विचारलं, "रातीक तोंड खंय करून लावतास तुमी? वर की खाली?" बाबा गप्प. मी वही उघडली. खंबाटकी, चढ. ताम्हिणी, येताना, चढ. सोसायटीचा रॅम्प, तोंड वर. गॅरेजची जमीन, सपाट. कोल्हापूरची गल्ली, सपाट. करूळ, उतार. हवा, वेळ, पंपाचं नाव, सगळं लिहिलं होतं. रस्ता कुठल्या बाजूला कलला होता तेवढंच नाही.

काकांनी हिशेब समजावला. टाकी मागे, इंजिन पुढे. गाडीचं नाक वर झालं की टाकी खाली जाते आणि फीड पंपाला डिझेल खालून ओढावं लागतं. ओढणाऱ्या लाईनला भेग असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून थेंब नाही. रात्रभर तसंच उभं केलं तर त्या भेगेतून हवा शिरून लाईनमधलं सगळं डिझेल टाकीत परत जातं. नाक खाली केलं की टाकी वर, लाईन भरलेली, आणि त्याच भेगेतून थेंब बाहेर. एकच भेग. चढाला पिते, उताराला थुंकते.

तरी ते लगेच खाली शिरले नाहीत. "ठिपको बघून पाइप बदलूचो, आणि रोग दुसरोच निघालो तर?" गॅरेजपुढच्या चढावर गाडी नाक वर करून लावली, चाकाला आमचाच दगड. पाच लिटरचा कॅन बॉनेटच्या कडीला टांगून त्याचा पाइप थेट फीड पंपाला जोडला. टाकी आणि मागची लाईन बाद. अर्धा तास इंजिन घड्याळासारखं चाललं. मग पाइप काढून पुन्हा टाकीची लाईन जोडली, एअर काढली, सुरू केलं. आठव्या मिनिटाला झटके. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच गाडी कुणासमोर तरी सांगून बंद पडली होती.

मग ते खाली गेले. टाकीजवळ लोखंडी नळीला जोडणारा वीतभर रबरी पाइप. बाहेरून धड. फक्त क्लिपच्या कडेला धूळ बसून काळी, ओलसर खपली झालेली, बाकी सगळीकडे कोरडी धूळ. काकांनी क्लिप सोडून पाइप बोटांत वाकवला आणि क्लिपच्या खालीच बारीक चीर उघडली, ओठ उघडावा तशी. कुणीतरी कधीतरी क्लिप जास्त आवळली होती. नवा पाइप, दोन नव्या क्लिपा आणि मजुरी मिळून दोनशे साठ रुपये. बॅटरी, सेल्फ, फिल्टर, हीटर यांची बेरीज बाबांनी वहीत केली नाही. मी केली, आणि त्यांना सांगितली नाही.

परतीला भुईबावडा घाटाऐवजी मुद्दाम करूळनेच चढलो. खाली वैभववाडी लहान होत गेली. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत होती. शेवटच्या वळणांपैकी एका खड्या चढावर, जागा जरा रुंद होती तिथे, बाबांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि शांतपणे चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"बाबा!"

"थांब गं."

नाक आभाळाकडे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी दगड मांडीवर घेऊन बसले होते. मागून कणकवलीची एसटी आली, ड्रायव्हरने खिडकीतून मान काढून "बंद पडली काय?" विचारलं. बाबांनी हात वर करून नाही म्हटलं आणि चावी फिरवली.